नऊ नंबरवर थांबलेला फोन

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कुणाला पटवायचं नाहीये. हे ज्या दोघांच्या बाबतीत घडलं, ती दोन्ही माझी जवळची माणसं. एक माझी सख्खी मावशी. दुसरा तिचा मुलगा, माझा मावसभाऊ. त्याला मी लहानपणापासून दादाच म्हणते.

भुताखेतांच्या गोष्टी म्हटलं की लोकांना रात्र लागते. ओसाड रस्ता लागतो. कुत्र्याचं रडणं लागतं.

यात तसलं काहीही नाही.

हे घडलं भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका साध्या ऑफिसात. सहा टेबलं, एक पाण्याचं मशीन, भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं आणि खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते.

आणि तरीही...

असो. पहिल्यापासून सांगते.

दादाचं काम छोट्या ऑफिसांना नेटवर्क टाकून देण्याचं. म्हणजे एका कपाटात सर्व्हर बसवायचा, तिथून प्रत्येक टेबलापर्यंत वायर न्यायची, आणि त्याच वायरवर कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही चालवायचे. हे फोन इंटरनेटवरून चालतात. दिसायला साधेच, पण बाहेरून आलेला फोन कुठल्या टेबलावर वाजणार, कोणाला होल्डवर ठेवायचं, हे सगळं तो सर्व्हर ठरवतो. प्रत्येक टेबलाला त्याचा एक नंबर असतो. एवढं कळलं तरी पुरे.

दिवसभर दादा शिडीवर. डोकं छताच्या पोकळीत आणि गळ्यात वायरचं भेंडोळं. मावशी त्याला 'वायरोबा' म्हणायची.

"या वायरोबाला बायको कोण देणार गं?" ती मला म्हणायची. "तिलाही आधी तारा जोडून बघेल हा, चालते का ते."

दादा कान लाल करून ताटात बघत राहायचा.

घरात दोघंच. दादाचे वडील तो शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मावशीला तो आणि त्याला मावशी. दादाचा मोबाइल कायम बॅगेत आणि बॅग कायम भलतीकडे, म्हणून मावशीने स्वतःची युक्ती काढली होती. दादाने नवीन ऑफिसचं काम घेतलं की ती पहिल्याच दिवशी तिथला नंबर मागून घ्यायची. आणि दुपारी घरच्या जुन्या, वायरवाल्या फोनवरून तिथे फोन लावायची.

"जेवलास का?"

"बसतोय."

"बरं."

झालं, संपला फोन. पण तो आल्याशिवाय दादाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. डबा उघडून समोर ठेवायचा आणि वाट बघत बसायचा. एवढा घोडा झाला तरी आईच्या परवानगीने जेवतो, म्हणून लोक हसायचे. दादाही हसायचा, पण थांबायचा.

आता त्याच्या कामाची एक सवय सांगते. कारण सगळं तिथेच फिसकटलं.

दादा कुठलाही सर्व्हर कोरा सुरू करायचा नाही. एका ऑफिसचं सेटिंग नीट बसलं की त्याची नक्कल काढून ठेवायची आणि पुढच्या ऑफिसात जशीच्या तशी ओतायची. मग सावकाश नावं बदलायची, नको ते काढायचं. त्याच्या धंद्यात बरेच जण असं करतात. वेळ वाचतो.

या वेळी तर सर्व्हरही जुनाच होता. फोनही जुनेच. माल पाठवणारी एक कंपनी बंद पडली होती. तिथलं सगळं एके काळी दादानेच बसवलं होतं. आता तेच सामान उचलून, पुसून-झटकून त्याने या नव्या ऑफिसात आणलं.

सामानाबरोबर आणखी काय आलं, ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं...

त्या बंद पडलेल्या कंपनीत एक ऑपरेटर बाई होत्या. दाराशीच बसायच्या. त्यांचा नंबर नऊ. दुसऱ्या कुणी फोन उचलला नाही की तो आपोआप नऊवर जायचा आणि बाई म्हणायच्या,

"थांबा हं, जोडून देते."

आवाज असा, की भांडायला फोन केलेला माणूससुद्धा निमूट थांबायचा. बाईंना एका गोष्टीचा फार अभिमान होता. दादा मशीन बसवायला गेला तेव्हा त्यांनी त्याला सुनावलं होतं, "इतकी वर्षं इथे बसतेय, माझ्या हातून एक फोन कटला नाही. तुझ्या मशीनने कापला ना, तर गाठ माझ्याशी आहे."

पुढे एका दुपारी त्या कंपनीतून दादाला बोलावणं आलं. एक लाइन अडकलीय, काही केल्या सुटत नाही म्हणून.

दादा गेला. स्क्रीनवर दिसत होतं, नऊ नंबरवर कोणीतरी होल्डवर आहे. बऱ्याच वेळापासून.

बाई टेबलावर डोकं टेकून झोपल्या होत्या. जेवणानंतर लागते डुलकी. वयाकडे बघून कुणी उठवलं नव्हतं.

दादाने स्क्रीनवरूनच तो फोन सोडून दिला. लाइन मोकळी झाली. मग त्याने बाईंना हाक मारली. उठेनात, म्हणून खांद्याला हात लावला...

खांदा गार होता.

पलीकडे कोण थांबलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तर, नवीन ऑफिस. चष्म्याच्या काचा बनवून दुकानांना पुरवणारी मंडळी. मालक पोटाने आणि आवाजाने मोठे, मनाने चांगले. दुकानदारांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायला एक ताई होती, अखंड बडबडणारी. आपण तिला ऑर्डरताई म्हणू.

दादाने सर्व्हर कपाटात बसवला, नक्कल ओतली, टेबलांची नावं बदलली. नऊ नंबर तेवढा काढायचा राहिला. इथे ऑपरेटरच नव्हती. नऊचा फोन जोडलेलाही नव्हता, तो खोक्यातच पडून होता. सर्व्हरवर नुसतं नाव. असलं काय, नसलं काय. नंतर काढू, असं म्हणून दादा पुढच्या कामाला लागला.

पहिल्या दुपारी मावशीचा फोन आला. ऑर्डरताईने उचलला.

"दादा, मातोश्री!"

"बसतोय जेवायला," दादाने तिथूनच ओरडून सांगितलं. मग सगळे आतल्या खोलीत डबे घेऊन बसले. बाहेरच्या हॉलमध्ये कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने बाहेर फोन वाजला.

एकदा...

दोनदा...

आणि थांबला.

"उचलला वाटतं कुणीतरी," ऑर्डरताई म्हणाली.

"कोण उचलणार? आपण सगळे इथेच आहोत," मालक म्हणाले.

घास हातातच राहिले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मालकच हसले. "कंटाळून ठेवला असेल बिचाऱ्याने. जेवा, जेवा."

संध्याकाळी एका दुकानदाराच्या बायकोचा फोन आला. ऑर्डरताईने ऐकलं आणि रिसिव्हरवर हात ठेवून हसायला लागली.

"दादा, ऐका तरी. या म्हणतात, आमच्या ह्यांचा फोन घ्या एकदाचा. दुपारपासून कानाला लावून बसलेत. हाक मारली तर बोट वर करतात, थांब म्हणून. गिऱ्हाइकं परत गेली तरी जागचे हलत नाहीत."

दादा हसला नाही. तो कपाटापाशी गेला आणि स्क्रीन बघितली.

नऊ नंबरवर एक फोन होल्डवर होता...

"ताई, हे बटण दाबा. तो होल्डवरचा फोन घ्या," तो म्हणाला.

तिने घेतला. आधी नुसता होल्डचा सूर ऐकू आला. मग सूर थांबला आणि झोपेतून उठल्यासारखा एक पुरुषी आवाज आला.

"हां... हां, घ्या लिहून. दोन जोड काचा..."

जणू त्याने आत्ताच फोन लावला होता. मागून बायकोचा रडवेला आवाज येत होता, "अहो, अंधार पडला बाहेर!"

ऑर्डर देऊन झाल्यावर दुकानदार म्हणाला, "तुमची नवीन बाई गोड बोलते हो. राग म्हणून येत नाही."

"कुठली बाई?" ऑर्डरताईने विचारलं.

"तीच की. थांबा हं, जोडून देते, म्हणाली ती."

फोन स्पीकरवर होता. दादाने ऐकलं आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

त्या रात्री त्याने सर्व्हरमधला कोपरा न् कोपरा तपासला. तसा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. कधी नव्हताच. बाई रोज स्वतःच्या तोंडाने बोलायच्या, त्याला रेकॉर्डिंग कशाला लागतंय?

जेवताना त्याने मावशीला सगळं सांगितलं. मावशी आधी हसली. "कामाची बाई म्हणायची. मेल्यावरही हजेरी." मग तिचा चेहरा उतरला.

"तिच्या हातातला फोन तू कापलास ना रे त्या दिवशी?"

"मला काय माहीत आई, की ती..."

"नव्हतं माहीत. पण आता माहीत आहे. तिला काढायचंच असेल तर असं फटकन काढू नकोस. आधी बघ, तिच्याकडे कोणी थांबलंय का. मग काढ."

"बघेन," दादा म्हणाला.

हे बोलणं त्याने मला अक्षरशः शंभरदा सांगितलंय. दरवेळी तो 'बघेन' या शब्दापाशी येऊन थांबतो.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, स्वतः ऐकून बघायचं. दुपारी मंडळी आत जेवायला गेली तेव्हा तो जिन्यात आला, दार ओढून घेतलं आणि मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला.

बंद दाराच्या आत फोन वाजताना ऐकू आला.

एकदा...

दोनदा...

"थांबा हं, जोडून देते."

बाईच होत्या. तोच आवाज, तोच हेल, शेवटच्या शब्दावर तोच हलका जोर. मग होल्डचा सूर सुरू झाला.

दादा म्हणतो, मला भीती वाटली नाही. तेच सगळ्यात वाईट होतं. अंगातला सगळा ताण गेला. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही. कोणीतरी आपल्यासाठी जोडून देतंय, आपण फक्त थांबायचं. इतकं बरं त्याला वडील गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

मग कोणीतरी त्याचा दंड गदागदा हलवला. मोबाइल हातातून सुटून पायऱ्यांवर आपटला आणि बंद पडला.

समोर ऑर्डरताई उभी होती. घाबरलेली.

"अहो दादा! केव्हाची हाका मारतेय. आमची जेवणं झाली, हात धुवून झाले. तुम्ही मघापासून इथेच? बोट वर करून मला थांब काय म्हणताय?"

दादाने आपल्या हाताकडे बघितलं...

बोट अजून वरच होतं.

आता मात्र तो धावत आत गेला, कपाट उघडलं, स्क्रीनवर नऊ नंबर शोधला आणि काढून टाकायचं बटण दाबलं.

सर्व्हरने विचारलं. अशी मशिनं विचारतातच. या नंबरवर एक फोन होल्डवर आहे. तरीही काढायचा का?

दादाला वाटलं, तो माझाच फोन. मोबाइल आत्ता बंद पडलाय. कटलेला फोन स्क्रीनवरून जायला थोडा वेळ लागतो, हे त्याने हजारदा बघितलेलं. या कामातल्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

त्याने 'हो' दाबलं.

नऊ नंबर गेला.

ऑफिस एकदम शांत वाटलं. दादाने हात धुतले, डबा काढला, उघडून समोर ठेवला. आणि सवयीने वाट बघत बसला.

ऑर्डरताई टेबल पुसत होती. "जेवा की आता."

"आईचा फोन यायचाय."

"मग येऊन गेला असेल," ती सहज म्हणाली. "तुम्ही जिन्यात होतात तेव्हा वाजला ना बाहेर. दोन वेळा. एकदा वाजून थांबला, मग परत वाजला आणि थांबला."

दादाने मनात मोजलं.

एक फोन त्याचा होता.

दुसरा...

त्याने टेबलावरच्या फोनवरून घरी फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. मग शेजारच्या काकूंना लावला.

"काकू, आई काय करतेय, जरा बघता का?"

काकू बघून आल्या. "अरे, फोनवर आहे ती. मी विचारलं कुणाचा, तर बोट वर केलं. थांब म्हणाली. छान हसतेय."

डबा तसाच उघडा टाकून दादा धावला.

मावशी फोनच्या स्टुलाशेजारी खुर्चीत बसली होती. रिसिव्हर कानाला. खिडकीतलं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. दादा आत आला तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं, ओळखीचं हसली आणि बोट वर केलं.

"आई, ठेव तो फोन."

"श्श... जोडतायत."

"मी इथे आहे आई! मलाच फोन केलास ना तू? मी आलोय. बघ!"

"श्श."

त्याने रिसिव्हर ओढून घेतला. तिचा हात तसाच कानाशी राहिला, मूठ वळलेली. मग त्याने भिंतीतली वायर उपटली आणि रिसिव्हर स्वतःच्या कानाला लावला.

वायरचं टोक त्याच्या हातात होतं...

आणि रिसिव्हरमध्ये होल्डचा सूर चालू होता.

तो तसाच उलट पावली ऑफिसात गेला. कालच्या दुकानदाराला फोन उचलून परत आणता आलं होतं, मग आईलाही येईल. त्याच्याकडे नक्कल होतीच. ती त्याने पुन्हा ओतली. नऊ नंबर परत आला, होता तसा. त्याने होल्डवरचे फोन बघितले.

एकही नव्हता.

आईचा फोन ज्या नंबरवर थांबला होता, तो त्याने स्वतःच्या हाताने पुसला होता. आता आलेला नऊ हा नुसता त्याच नावाचा. त्याने खोक्यातला बाईंचा फोन काढला, जोडला आणि रिसिव्हरमध्ये बोलत सुटला. "बाई, चुकलं माझं. दोनदा चुकलं. माझी आई थांबलीय तुमच्याकडे. एवढा एक फोन जोडून द्या."

पलीकडे काही नव्हतं. होल्डचा सूरसुद्धा नाही.

सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं. मालकांनी दादाला धरून खुर्चीत बसवलं. ते म्हणाले, "हा सर्व्हर घेऊन जा बाबा. मला कागद-पेन्सिल पुरे."

दादाने तो घरी आणला. फोनच्या स्टुलाजवळ ठेवला, बाईंचा फोन त्याला लावला. आणि रोज दुपारी मोबाइलवरून स्वतःच्याच घरातल्या नऊ नंबरला फोन करायला लागला. जो आवाज त्याने स्वतःच पुसून टाकला होता, तो आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून तो जीव टाकायचा.

फोन वाजायचा. वाजत राहायचा. बाईंनी कधीच उचलला नाही.

डॉक्टर झाले. वयोमान म्हणाले, मेंदू म्हणाले, गोळ्या दिल्या. मावशीला काही दुखत नव्हतं. भरवलं की खायची, झोपवलं की झोपायची, पण रिसिव्हर हातातून सोडायची नाही. मी जायचे तेव्हा तिच्या पायाशी बसायचे. "मावशी, मी आलेय गं." ती माझ्याकडे बघून हसायची आणि बोट वर करायची. जिने मला वेणी घालायला शिकवलं, तिने मला इतक्यांदा थांब म्हटलं की शेवटी शेवटी मला तिथे जाववेना.

दादाने कामं सोडली. वायरी तशाच भेंडोळी होऊन कोपऱ्यात पडल्या. तो दुपारी तिच्यासमोर ताट घेऊन बसायचा आणि वाट बघायचा, ती विचारेल म्हणून. ताट गार व्हायचं. मग तो ते तसंच उचलून ठेवायचा.

वर्षभरात मावशी गेली. झोपेतच. रिसिव्हर कानाखाली दबलेला होता. काढताना बोटं सरळ करावी लागली.

मला वाटलं, सुटली एकदाची. दादाही सुटेल आता. देवाशप्पथ, मला बरं वाटलं होतं.

तिला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मी तिथेच होते, हे मी स्वतः बघितलंय. दादा भिंतीला टेकून बसला होता. स्वयंपाकघरात मी दोघांची पानं वाढत होते.

आणि बाईंचा फोन वाजला...

एकदा...

दोनदा...

दादा उठेपर्यंत तो वाजायचा थांबला. सर्व्हरच्या स्क्रीनवर नऊ नंबरसमोर एक ओळ आली होती.

एक फोन. होल्डवर.

दादाने होल्डवरचा फोन घेतला. स्पीकर लावला. सूर थांबला.

"हॅलो?"

माझ्या हातातली पळी खाली पडली. तो मावशीचा आवाज होता. आजारातला नाही. आधीचा, ठणठणीत.

"हॅलो... जोडलं का?"

"आई!" दादा ओरडला. "आई, मी आहे! बोल!"

"हॅलो? आवाज येत नाहीये काही..."

"आई, मी बोलतोय! आई!"

मग तिने विचारलं, जसं रोज विचारायची तसं.

"जेवलास का?"

"जेवलो गं. जेवलो. आई, ऐकू येतंय का तुला?"

"...बरं. थांबते हं मी."

आणि सूर परत सुरू झाला.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. तेच शब्द. तिला काहीच ऐकू जात नाही. दादा रोज ओरडून बघतो, कधी हळू बोलून बघतो, कधी नुसता रडतो.

ती ओळ स्क्रीनवरून हलत नाही. तिच्याशेजारी फोन सोडून द्यायचं बटण आहे. मी एकदा दादाला म्हटलं, "दाबून टाक ना. कदाचित मोकळी होईल ती."

"आणि नाही झाली तर?" दादा म्हणाला. "आता निदान माहीत आहे, ती कुठे आहे. एकदा न बघता दाबलं मी. परत नाही दाबणार."

म्हणून तो सर्व्हर कधी बंद होत नाही. दादाने दोन बॅटऱ्या लावल्यात. लाइट गेली की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. तो घर सोडून फारसा कुठे जात नाही. केस पिकलेत, डोळे खोल गेलेत. काकू म्हणतात, रात्रीसुद्धा मध्येच उठून तो सर्व्हरचा दिवा लुकलुकतोय का ते बघतो.

मागच्या आठवड्यात मी गेले होते. दुपारचा फोन येऊन गेला होता. दादाचं ताट समोर तसंच होतं. तो सर्व्हरकडे बघतच म्हणाला,

"मी आज आहे, उद्या नाही. माझ्यानंतर तू सांभाळशील ना हे? कुणीतरी उचलायला हवं गं. ती थांबलीय."

मला माझं घर आहे. मुलं आहेत. मला दुपारी त्या खोलीत पाऊल ठेवायचीसुद्धा भीती वाटते. आणि ती माझी मावशी आहे.

माझ्या तोंडातून निघून गेलं,

"थांब रे जरा. विचार करून सांगते."

दादाने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही.